मांडवातली एक्स्प्रेसो, कॅफेतली एस्प्रेसो

खानदेशात ‘एस्प्रेसो’ हा शब्द दोनदा आला. पहिल्यांदा आला तो लग्नाच्या मांडवात. येताना वाटेत त्याने एक ‘क’ उचलला आणि तो ‘एक्स्प्रेसो’ झाला. दुसऱ्यांदा तो आला गेल्या काही वर्षांत, जळगाव आणि धुळे शहरांतल्या नव्या कॅफेंच्या फळ्यांवर. या वेळी ‘क’ गळालेला, इटालियन उच्चाराच्या जवळ जाणारा. शब्द एकच, पेये दोन, आणि या दोन पेयांची एकमेकांशी ओळख नाही. मांडवातल्या कॉफीची सवय असलेला माणूस कॅफेत जाऊन ‘एक्स्प्रेसो’ मागतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन घोटांत संपणारी, काळी, बिनसाखरेची कॉफी येते. त्याला वाटते, आपल्याला फसवले. यंत्रामागच्या तरुणाला वाटते, काकांना कॉफी कळत नाही.

या दोन कॉफ्यांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी या धंद्यातला नाही. चाखणे, विचारणे आणि टिपून ठेवणे एवढीच माझी पद्धत. तरी इतकी वर्षे टिपलेल्या गोष्टींवरून माझे एक मत बनले आहे, ते आधीच सांगतो. मांडवातल्या कॉफीला ‘खोटी एस्प्रेसो’ म्हणणे इतिहासाला धरून नाही. आणि जिला ‘स्पेशालिटी कॉफी’ म्हणतात, तिचे मोल यंत्रापेक्षा दोन शिस्तींत जास्त आहे: चवीला नेमका शब्द देणे आणि माल पिकवणाऱ्याचे नाव सांगणे. आपल्याकडे यंत्र आले, फळा आला, दरही आला. या दोन शिस्ती मात्र अर्ध्या वाटेवर राहिल्या. खेदाची गोष्ट अशी की या दोन्ही बाबतींत खानदेश काही कोरा नव्हता.

शब्दाची वाट

‘एस्प्रेसो’ हा इटालियन शब्द. ‘दाबून काढलेले’ हा त्याचा एक अर्थ. ‘खास त्या गिऱ्हाइकासाठी, त्याच वेळी केलेले’ ही त्याची दुसरी छटा. मुळाशी लॅटिनमधला ‘एक्सप्रिमेरे’ हा धातू आहे, म्हणजे मांडवातल्या उच्चारातला ‘क्स’ अगदीच निराधार नाही. अर्थात आपल्या आचाऱ्यांनी तो लॅटिनमधून घेतला नाही. भुसावळसारखे जंक्शन ज्या मुलखात आहे तिथे ‘एक्स्प्रेस’ हा शब्द रोजच्या तोंडातला. नवा शब्द ओळखीच्या शब्दाचा अंगरखा घालून आला, इतकेच. बदललेले रूप म्हणजे शब्द कोणत्या वाटेने आला याचा पुरावा, हे राजवाड्यांच्या धुळ्यात तरी वेगळे सांगायला नको. ‘एक्स्प्रेसो’ हा शब्द सांगतो की ही कॉफी आपल्याकडे पुस्तकातून किंवा इटलीच्या सहलीतून आली नाही. ती केटररच्या टेम्पोतून आली.

वाफ आणि दाब

‘खरी एस्प्रेसो’ म्हणजे काय, याचे उत्तर काळाप्रमाणे बदललेले आहे. तुरिनच्या आंजेलो मोरियोंदो याने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुइजी बेझेरा याने १९०१ मध्ये एकेका कपासाठी कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि देसिदेरिओ पाव्होनी याने ते यंत्र बाजारात आणले. १९०६ च्या मिलान प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. या यंत्रांत पाणी पुढे ढकलण्याचे काम वाफ करत असे आणि दाब दीड बारच्या आसपास असे. म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या दीडपट. आज कपावर जो सोनेरी साय-थर दिसतो, ज्याला ‘क्रेमा’ म्हणतात, तो या कॉफीवर येत नसे. तो आला दुसऱ्या महायुद्धानंतर, आकिले गाजिया याच्या दांडा-दट्ट्याच्या यंत्राने दाब आठ-नऊ बारपर्यंत नेला तेव्हा. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने हे काम विजेच्या पंपावर टाकले. आजचा कॅफेतला हिशेब त्यातून बसला आहे: साधारण १८ ग्रॅम दळलेली कॉफी, ९० ते ९६ अंश तापमानाचे पाणी, नऊ बार दाब, २५ ते ३० सेकंद, आणि कपात पडते साधारण ३६ ग्रॅम कॉफी.

याचा अर्थ सरळ आहे. खुद्द इटलीत जवळजवळ अर्धे शतक ‘एस्प्रेसो’ म्हणजे वाफेच्या जोरावर काढलेली कॉफी होती. नऊ बारांची व्याख्या ऐंशी वर्षांचीही नाही. तेव्हा ‘वाफेची ती खोटी’ हे विधान करताना जरा थांबावे.

आता मांडवातले यंत्र पाहू. स्टीलची किंवा पितळेची टाकी, खाली गॅसची शेगडी किंवा आत विजेची कॉइल, वर दाब दाखवणारी तबकडी आणि बाजूला चावी लावलेली बारीक नळी. मोठ्या मगात दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफीची पूड घालायची, नळी बुडवायची, चावी सोडायची. खर्रर्र असा आवाज होतो, दूध तापते आणि फुलते. कपात उंचावरून ओतायचे, वर कोकोची नाहीतर कॉफीचीच चिमूट भुरभुरायची. या यंत्रातून कॉफीच्या पुडीतून पाणी दाबून काढले जात नाही. इन्स्टंट पूड म्हणजे कारखान्यात आधीच काढून सुकवलेली कॉफी. काढण्याचे काम मांडवात यायच्या आधीच झालेले असते. मांडवात उरते दूध फुलवण्याचे काम.

कॅफेतल्या महागड्या यंत्राकडे आता पुन्हा पाहावे. त्यालाही दोन अंगे असतात. एक दाबाचे, ज्यातून काळी कॉफी येते. दुसरे वाफेचे, ज्यातून कॅपुचिनो आणि लाटेचे दूध फुलते. मांडवातले यंत्र हे त्यातले दुसरे अंग आहे, वेगळे काढून चाकाच्या टेबलावर ठेवलेले. म्हणून त्याला नक्कल म्हणण्यापेक्षा अर्धे यंत्र म्हणणे जास्त बरोबर. चूक झाली ती नावात: दाबाच्या अंगाचे नाव वाफेच्या अंगाला मिळाले. पण नाव चुकले म्हणून काम चुकत नाही. तीनशे पाहुण्यांना तासाभरात गरम, फेसाळ कॉफी द्यायची तर हे अर्धे यंत्रच उपयोगाचे होते. त्याचा वॉशर गेला तर गावातला फिटर बदलून देतो. पूर्ण यंत्र बिघडले तर मोठ्या शहरातून माणूस येईपर्यंत दुकान चहावर चालवावे लागते.

दूध किती तापवायचे

दोन कॉफ्यांमधला खरा वाद दुधात आहे. कॅफेतला नियम सांगतो की दूध ५५ ते ६५ अंशांच्या आत ठेवावे. त्यापुढे त्याचा गोडवा झाकला जातो आणि शिजलेला वास येतो. फेस इतका बारीक हवा की बुडबुडा वेगळा दिसू नये. मांडवातली कॉफी या दोन्ही कसोट्यांवर नापास होते. दूध उकळीच्या जवळ जाते, बुडबुडे डोळ्यांना मोजता येतात.

पण कसोटी कुठून आली तेही पाहायला हवे. पाश्चराइज केलेले थंड दूध जिथे दारात येते, तिथे ६० अंशांचा नियम जन्मतो. आपल्याकडे दूध घरी आले की पहिल्यांदा उकळायचे, ही आरोग्याची गरज होती. त्या गरजेतून चव घडली. साय, आटीव दूध, बासुंदी, खवा या सगळ्या शिजलेल्या दुधाच्याच चवी आहेत आणि त्या आपल्याला खमंग वाटतात. ज्या वासाला बरिस्ता दोष म्हणतो, तो इथल्या जिभेचा गुण आहे. कोणी कोणाची चव सुधारण्याची गरज नाही. मात्र दोन वेगळ्या आदर्शांची पेये आहेत, हे फळ्यावर लिहिता येईल.

घरातल्या कॉफीचाही इथे उल्लेख हवा. आमच्या भागात रोजचा मान चहाचा. कॉफी व्हायची पाहुण्यांसाठी, कुणी आजारी असले तर, किंवा रात्रीच्या जेवणानंतर. दुधाची, जायफळ किंवा वेलदोडा घातलेली. दुसरा प्रकार फेटलेल्या कॉफीचा: पूड आणि साखर दोन चमचे पाण्यात पांढुरकी होईपर्यंत चमच्याने फेटायची आणि वर गरम दूध ओतायचे. मनगट दुखेपर्यंतचे हे काम बहुतेक घरांत मुलींच्या वाट्याला येई. २०२० च्या टाळेबंदीत जवळजवळ हीच गोष्ट ‘डालगोना’ या कोरियन नावाने जगभर गाजली आणि आपल्याकडच्या तरुणांनी ती नवी म्हणून करून पाहिली. आपल्या घरातल्या कृतीला प्रतिष्ठा मिळायला बाहेरचे नाव लागले, ही नोंद पुढच्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे.

मांडवाची बाजू घेताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. वाफ दुधात विरते तेव्हा तिचे पाणी होते. हिशेब केला तर साध्या तापमानाचे १०० मिलिलिटर दूध ८० अंशांपर्यंत नेताना त्यात नऊ-दहा मिलिलिटर पाणी मिसळते. दूध आधीच पातळ असले की कॉफी पाणचट होते आणि ती उणीव साखरेने झाकली जाते. पूड कोणती, कधीची, कुठल्या कॉफीची, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. या शेवटच्या बाबतीत नवी कॉफी निःसंशय पुढे आहे. त्याकडेच आता वळू.

पाकिटावरचा मजकूर

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्दप्रयोग एर्ना क्नुट्सेन या अमेरिकी कॉफी-व्यापारी बाईंनी १९७४ मध्ये एका व्यापारी नियतकालिकात केला. विशिष्ट भूभागाच्या हवामानात पिकलेल्या, वेगळ्या चवीच्या कॉफीसाठी तो होता. पुढे तिची परीक्षा करण्याची पद्धत बसली: १०० पैकी गुण, ८० आणि त्यावर असेल ती स्पेशालिटी. कप ओळीने मांडून, चमच्याने भुरका मारून चाखतात. चवीच्या शब्दांचे एक रंगीत चक्र अमेरिकेतल्या संघटनेने १९९५ मध्ये केले आणि २०१६ मध्ये ते नव्याने मांडले. त्या नव्या चक्रामागे वर्ल्ड कॉफी रिसर्च या संस्थेचा चवींचा कोश होता. त्यात ११० गुणधर्म आहेत आणि प्रत्येकापुढे ताडून पाहण्याचा नमुना पदार्थ दिलेला आहे.

हा कोश मला फार मोलाचा वाटतो. पाकिटावर ‘ब्लूबेरी’ लिहिलेले पाहून आपल्याकडे लोक हसतात, की कॉफीत कसली आली ब्लूबेरी. पण या शब्दामागे कविकल्पना नाही. चाखणारा विशिष्ट नमुन्याशी ताडून तो शब्द वापरतो. जळगावच्या सराफ बाजाराला हे समजावून सांगावे लागणार नाही: सोन्याचा कस पाहायचा तर ताडण्यासाठी ठरलेल्या कसाचे सोने हाताशी असावे लागते. अडचण पुढची आहे. त्या कोशातले नमुने अमेरिकेतल्या किराणा दुकानांत मिळणारे आहेत. तिथल्या माणसाला ते माप चालते, कारण तो पदार्थ त्याने लहानपणापासून खाल्लेला असतो. तेच शब्द पाकिटावरून इंग्रजीतच जळगावच्या फळ्यावर उतरतात तेव्हा माप मागे राहते आणि फक्त शब्दाचा थाट येतो. ज्याने ब्लूबेरी कधी खाल्ली नाही तो ती लिहितो आणि ज्याने कधी पाहिली नाही तो ती वाचतो. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर हा मजकूर वाचकाला काही सांगत नाही; ‘हे तुझ्यासाठी नाही’ एवढेच सुचवतो. आठ-दहा चहांचे पैसे एका कपाला मोजणाऱ्या माणसाला तरी हे सुचवू नये.

खानदेशी जिभेचे शब्द

कॉफीच्या चवीला मराठीत शब्द नाहीत, असे मला एकापेक्षा जास्त वेळा ऐकवले गेले आहे. मी एका वहीत शब्द लिहायला घेतले आणि पहिल्याच बैठकीत पान भरले.

दळण जाड झाले आणि पाणी भराभर निघून गेले की कॉफी पाणचट होते. दळण फार बारीक झाले की ती कडू आणि तुरट होते, जीभ ओढल्यासारखी वाटते. दाणा कमी भाजला तर कच्चट, जास्त भाजला तर करपट, बरोबर भाजला तर खरपूस. भाजलेल्या दाण्यातले तेल जुने झाले की खवट. पाण्याचाच दोष असेल तर मचूळ. सगळे ठीक आणि तरी जिभेवर काही उमटत नाही, ती सपक. यातला प्रत्येक शब्द कुठे चुकले ते सांगतो. बरिस्ताला आणखी काय हवे असते?

आंबटपणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. चांगल्या कॉफीत आंबटपणा असतो, हे गिऱ्हाइकाला पटवणे नव्या कॅफेंना सर्वांत अवघड जाते. मराठीत मात्र आंबट आणि आंबूस हे दोन शब्द आहेत. आंबट ही चव आहे. आंबूस म्हटले की पदार्थ बिघडू लागल्याची शंका आली. शिवाय लिंबाचा आंबटपणा वेगळा, ताकाचा वेगळा, चिंचेचा आणि कैरीचा वेगळा, हे स्वयंपाकघरात कुणालाही कळते. लिंबातले सायट्रिक आम्ल कॉफीतही असते आणि ताकातले लॅक्टिक आम्ल आंबवून वाळवलेल्या काही कॉफ्यांत येते. ‘यात लिंबासारखा आंबटपणा आहे, आंबूस नाही’ एवढे सांगितले तर निम्मे भांडण मिटेल.

भाजण्याच्या बाबतीत तर खानदेशाने कुणाकडून शिकण्याची गरज नाही. भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. आच कमी तर गर कच्चट, जास्त तर करपट; मधल्या टप्प्यावर धुराचा वास गरात उतरतो आणि तो टप्पा घड्याळाने ठरत नाही. काळ्या मसाल्यासाठी कांदा-खोबरे किती काळवंडू द्यायचे, हेही रंगावर आणि वासावर ठरते. कॉफी भाजणारा दोनशे अंशांच्या आसपास दाण्याच्या पहिल्या तडतडीकडे कान लावून असतो. शेंगदाणे आणि मोहरी यांची तडतड ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये.

आणखी एक. साल-गरासकट वाळवलेल्या काही कॉफ्यांना पिकल्या केळ्याचा वास येतो, असे चाखणारे नोंदवतात. केळे कच्चे, गादर, पिकलेले आणि उतरलेले अशा पायऱ्यांनी ओळखणारा माणूस जळगाव जिल्ह्यात गल्लोगल्ली आहे. या एका वासाच्या बाबतीत जगातल्या कुठल्याही परीक्षकापेक्षा यावलचा केळी-उत्पादक अधिक नेमके बोलेल. पण फळ्यावर इंग्रजीत ‘फ्रूटी’ असे लिहिलेले असते आणि तो बाहेरच्या बाहेर निघून जातो.

पिकवणाऱ्याचे नाव

आता दुसरी शिस्त. चांगल्या पाकिटावर मळ्याचे नाव असते, प्रदेश, वाण, उंची, दाणा वाळवण्याची पद्धत आणि भाजल्याची तारीख असते. हे भारतात नेहमीच शक्य नव्हते. १९४२ च्या कॉफी कायद्याने मळेवाल्यांचा माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा होऊ लागला. पडत्या बाजारात शेतकऱ्याला आधार मिळावा, हा त्यामागचा हेतू होता आणि तो आधार मिळालाही. पण सगळ्यांची कॉफी एकत्र झाल्यावर कोणाची चांगली आणि कोणाची साधारण हे कळायला मार्ग उरला नाही. चांगली कॉफी पिकवण्याचे वेगळे बक्षीस नव्हते. १९९२ पासून हे बंधन सैल होत गेले आणि १९९६ पर्यंत मळेवाले आपला माल मोकळेपणी विकू लागले. चिकमगळूर, कोडगू, वायनाड, अराकू ही नावे पाकिटावर येऊ शकली त्यामागे हा बदल आहे. २०१९ मध्ये या प्रदेशांतल्या कॉफ्यांना भौगोलिक मानांकनेही मिळाली. खानदेशाच्या उत्तरेला जी सातपुड्याची रांग दिसते, तिच्याच पूर्वेकडच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हेही आपल्या कॅफेंनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

कॉफीची ही कथा खानदेशातल्या शेतकऱ्याने आपली म्हणून वाचावी. जळगावच्या केळ्याला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वांग्याच्या बाबतीत गावाचे नाव घेण्याची रीत आपल्याकडे मानांकनाच्या कितीतरी आधीपासून आहे. बामणोदचे वांगे म्हटले की भाव वेगळा. स्पेशालिटी कॉफीवाले ज्याला ‘ओरिजिन’ म्हणतात ते हेच. केळ्याचे मात्र तसे झाले नाही. रावेर-यावलचे केळे रेल्वेने उत्तरेकडे गेले आणि तिकडच्या बाजारात भुसावळच्या नावाने ओळखले गेले. जंक्शनचे नाव राहिले, गावाचे गेले, पिकवणाऱ्याचे तर कधी नव्हतेच. मानांकनाचा कागद हाती आल्यालाही आता बरीच वर्षे झाली, पण हातगाडीवरच्या फण्याला आजही नाव नाही.

म्हणून मला वाटते, जळगावात स्पेशालिटी कॉफी येण्याचा खरा उपयोग हा असू शकतो. इथल्या शेतकऱ्याच्या मुलाने कॅफेत बसून कर्नाटकातल्या मळेवाल्याचे नाव पाकिटावर वाचावे आणि विचारावे, माझ्या बापाचे नाव कुठल्या खोक्यावर आहे? हा प्रश्न त्याला पडला, तर एका कपाचे पैसे वसूल झाले. तो फक्त दुधावरची नक्षी पाहून उठला, तर नाही.

यंत्रामागचा माणूस

‘बरिस्ता’ हा इटालियन शब्द. बारमागे उभा राहून कॉफी करणारा, असा त्याचा अर्थ. भारतात २००० पासून या नावाची दुकाने निघाली, त्यामुळे बऱ्याच मराठी कानांना हे आधी दुकानाचे नाव वाटले आणि मग माणसाच्या कामाचे. २००० मध्येच जागतिक बरिस्ता स्पर्धा सुरू झाली. तिच्या प्रसिद्ध स्वरूपात स्पर्धकाला १५ मिनिटांत चार परीक्षकांसाठी १२ पेये करावी लागत: चार एस्प्रेसो, चार दुधाची, चार स्वतः रचलेली. हात चालू असताना तोंडाने सांगावे लागते की ही कॉफी कुणी पिकवली, कशी वाळवली, जिभेवर काय येईल. भारतातही राष्ट्रीय स्पर्धा होते. कॉफी करणाऱ्याला बोलण्याचा अधिकार मिळाला, ही मला या साऱ्या संस्कृतीतली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते.

मांडवातल्या कॉफीवाल्याला तो कधी मिळाला नाही. त्याला ‘ए कॉफीवाले’ अशी हाक येते. लग्नसराई संपली की त्याचे कामही संपते. तबकडीकडे न पाहता नुसत्या आवाजावरून दूध कधी तापले हे ओळखणे, गर्दीत फेस बसू न देता ओळीने कप भरणे, हे कसब आहे. पण त्याच्या कसबाचे माप कुणी ठरवले नाही. आणि नव्या कॅफेतल्या तरुणाची स्थिती दिसते तितकी वेगळी नाही. त्याला बोलण्याचा अधिकार आहे, पण शिकवणीत मिळालेले शब्द त्याच्या गिऱ्हाइकाला कळत नाहीत आणि त्याच्या घरीही कळत नाहीत. घरी तो अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलतो, दुकानात पाठ केलेल्या इंग्रजीत. मधल्या भाषेत, जिथे खरे समजावणे घडू शकते, तिथे तो गप्प असतो. एकाला बोलू दिले नाही आणि दुसऱ्याला आपल्या भाषेत बोलता येत नाही, असा हा दुहेरी पेच आहे.

त्याचे ज्ञानही अशानेच उसने राहते. पाण्याचेच पाहा. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी बहुधा जड. ते तसेच वापरले तर यंत्रात क्षार धरतो; आरओचे अगदी हलके पाणी घेतले तर कॉफी सपक लागते. दोन्हींचा मेळ कसा घालायचा हे परदेशी पुस्तकात तयार मिळणार नाही. ते धुळ्याच्या पाण्यावर धुळ्यातच करून पाहावे लागेल, आणि लिहून ठेवावे लागेल. आपापसात बोलणारे, चुका सांगणारे, पाने भरणारे कारागीर असतील तरच ‘बरिस्ता समुदाय’ या शब्दाला अर्थ. नुसते एकसारखे ॲप्रन घातल्याने समुदाय होत नाही.

या साऱ्याचे तात्पर्य सांगायचे तर नव्या कॉफीला नाके मुरडण्याचे कारण नाही आणि जुन्या कॉफीची लाज बाळगण्याचेही नाही. कॅफेंनी फळ्यावर मांडवातल्या कॉफीला तिच्या नावाने जागा द्यावी: ‘एक्स्प्रेसो, वाफेची, गोड’. शेजारी ‘एस्प्रेसो, दाबाची, काळी, दोन घोट’ असे लिहावे. कोणती कॉफी कुठून आली ते मराठीत लिहावे आणि चव सांगताना इथल्या जिभेने ओळखलेले शब्द वापरावेत. केटररांनी पुडीचे नाव सांगायला सुरुवात करावी. ही फार मोठी मागणी नाही. खडूचा एक तुकडा पुरे.

माझ्या वहीत आजवर भाजणे, आंबणे, उकळणे आणि शिळे होणे या चार क्रियांशी जोडलेले चवींचे आणि वासांचे शब्द जमले आहेत. त्यात अहिराणी, लेवा आणि तावडी बोलींतले शब्द अजून फार कमी आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी वांगी भाजताना, मसाला करताना, दूध आटवताना किंवा केळी पिकवताना असे वेगळे शब्द वापरले जातात, त्यांनी ते लिहून ठेवावेत. शब्द, तो कुठल्या गावचा, आणि नेमका कशासाठी वापरतात, या तीन गोष्टींसह. घरातल्या वयस्कर बायकांना आधी विचारावे.